फिरतीवर लिनक्स लॅपटॉप अडला तर

महिन्यातले बारा-पंधरा दिवस मी मिरजेबाहेर असते. कॉलेजच्या ग्रंथालयात कोहा बसवायचं, एक्सेलमधल्या जुन्या नोंदी त्यात चढवायच्या, ग्रंथपालांना दोन दिवस शिकवायचं आणि मिळेल त्या एसटीनं पुढचं गाव गाठायचं, असा धंदा आहे. कोहा हे २००० साली न्यूझीलंडमधल्या एका वाचनालयात पहिल्यांदा चालू झालेलं, ग्रंथालयाचा कारभार सांभाळणारं सॉफ्टवेअर. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. ते लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालतं, म्हणून माझ्या लॅपटॉपवरही लिनक्सच: जुना घेतलेला थिंकपॅड टी४८० आणि त्यावर डेबियन १२ ही लिनक्सची आवृत्ती. घरी काही बिघडलं तर शेजारी दुसरं मशीन असतं, वेळ असतो, चहा असतो. आजऱ्याच्या स्टँडवर यातलं काहीच नसतं.

आधी कमांडबद्दल, म्हणजे टर्मिनलच्या खिडकीत टाइप करायच्या हुकमांबद्दल. ग्रंथपालांना मी फोनवर कमांड सांगते, तशाच इथं उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टाइप करताना सगळं इंग्रजी लहान अक्षरांत. डॅश म्हणजे आडवी रेघ, तिच्या आधी जागा सोडायची, नंतर सोडायची नाही. 'सुडो' म्हणजे मालकाच्या हक्कानं चालव; ते म्हटलं की पासवर्ड विचारेल, तो टाइप करताना दिसणार नाही. घाबरू नका, तो जातोय.

आणि एक गोष्ट मी स्वतःला रोज बजावते. रस्त्यात पंक्चर झालं तर आपण स्टेपनी लावतो, टायर कापून बघत बसत नाही. फिरतीवर काम पुढं सरकवायचं, दुरुस्ती रविवारी घरी. वायफाय का चालत नाही याचा छडा लावण्यात मी एकदा सावंतवाडी स्टेशनवर अडीच तास घालवले. फोनची केबल पर्समध्येच होती.

नेट नाही

म्हणून आधी केबल. अँड्रॉइड फोन यूएसबीनं लॅपटॉपला जोडा, फोनच्या सेटिंगमध्ये हॉटस्पॉटच्या खाली यूएसबी टिदरिंग चालू करा. लिनक्सला तो फोन साधं नेटवर्क कार्ड वाटतो. वेगळा ड्रायव्हर लागत नाही, वायफायचं फर्मवेअर, म्हणजे कार्डाचं आतलं सॉफ्टवेअर, नसलं तरी चालतं. नाहीच चाललं तर नव्वद टक्के वेळा केबल फक्त चार्जिंगची असते, तिच्यात डेटाच्या तारा नसतात. स्टँडवरच्या दुकानात ती बाहेरून अगदी सारखीच दिसते, तेव्हा 'डेटावाली' म्हणून मागा आणि तिथंच लावून बघा. तोटा एवढाच की फोन लॅपटॉपची बॅटरी पिऊ लागतो.

टिदरिंगवर असताना हे कनेक्शन मोजकं आहे असं सिस्टिमला सांगून ठेवा. नेटवर्क सेटिंगमध्ये त्या कनेक्शनच्या नावापुढच्या चक्रात मीटर्डची खूण असते. नाहीतर मागच्या मागं अपडेट उतरत राहतात आणि दुपारपर्यंत दिवसाचा डेटा संपतो.

काम चालू झालं, हाताशी दहा मिनिटं आहेत, तर मग वायफायकडे बघा. 'सुडो आरएफकिल लिस्ट' ही पहिली कमांड. उत्तरात सॉफ्ट ब्लॉक्डपुढं येस असेल तर एफ८ वर बोट पडलंय. टी४८० वर वायरलेस बंद करायची कळ तीच आहे. प्रोजेक्टरसाठी एफ७ दाबताना शेजारच्या एफ८ वर बोट जातंच. 'सुडो आरएफकिल अनब्लॉक ऑल' म्हणा किंवा तीच कळ परत दाबा. तिथं काही अडलेलं नसेल आणि कार्ड इंटेलचं असेल तर ड्रायव्हर काढून परत घाला: 'सुडो मॉडप्रोब डॅश आर, आयडब्ल्यूएल एमव्हीएम, आयडब्ल्यूएल वायफाय', मग 'सुडो मॉडप्रोब आयडब्ल्यूएल वायफाय'. त्या 'आयडब्ल्यूएल'ला पुढचे शब्द चिकटून लिहायचे. झोपेतून उठल्यावर रुसलेलं वायफाय यानं बहुतेक वेळा ताळ्यावर येतं.

वायफायला जोडलंय पण काही उघडत नाही, ही तिसरी तऱ्हा. इथं मी तीन पिंग मारते, म्हणजे 'आहेस का?' अशा हाका: 'पिंग' लिहून पुढं पत्ता. 'आयपी आर' लिहिलं की डिफॉल्ट व्हायाच्या पुढं राउटरचा आकडा मिळतो. पहिलं पिंग त्याला. दुसरं १.१.१.१ ला. तिसरं कुठल्याही साइटच्या नावाला. पहिलंच गेलं नाही तर तुमच्यात आणि राउटरमध्ये भांडण आहे. पहिलं गेलं, दुसरं नाही, तर त्यांचं नेटच बंद आहे किंवा लॉगिनचं पान उघडायचं राहिलंय. दोन्ही गेली आणि नाव तेवढं अडलं, तर नावाचा पत्ता शोधणारं डीएनएस बिघडलंय.

लॉगिनच्या पानाचा ताप लॉज आणि रेल्वे स्टेशनवर जास्त. मोबाइल नंबर टाका, ओटीपी टाका, असं पान आपोआप यायला हवं, पण येत नाही. कारण आजकाल जवळजवळ सगळ्या साइट कुलूपवाल्या म्हणजे एचटीटीपीएसच्या, आणि ते पान कुलपाच्या आत शिरू शकत नाही. म्हणून ब्राउझरमध्ये मुद्दाम बिनकुलपाची साइट उघडायची. नेव्हरएसएसएल डॉट कॉम ही साइट त्याचसाठी बनवली आहे. किंवा 'आयपी आर'मध्ये मिळालेला राउटरचा आकडा थेट पत्त्याच्या जागी टाका. व्हीपीएन चालू असेल तर आधी बंद करा. डीएनएस हातानं बदललेलं असेल तर तेही तेवढ्यापुरतं मूळपदावर आणा. लॉजचं लॉगिन पान मिळत नाही म्हणून फोन आला की मी पहिल्यांदा हेच विचारते, आणि पलीकडून "हो हो, ते व्हीपीएन चालूच राहिलंय" असं हमखास येतं.

कोकण रेल्वेनं जाताना दुसऱ्या टोकाच्या सर्व्हरवर काम करत असाल तर एक पथ्य पाळा. रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटरचा आहे. आत गेलं की रेंज जाते आणि एसएसएचची, म्हणजे दूरच्या सर्व्हरवर काम करायची, खिडकी थिजते. एंटर, मग टिल्ड म्हणजे नागमोडी रेघ, मग टिंब, एवढं दाबलं की थिजलेली खिडकी सुटते. पण सर्व्हरवर चालू असलेलं काम तिच्याबरोबर मरू नये म्हणून आधीच 'टीमक्स' चालू करून त्याच्या आत काम करा. परत जोडलं गेल्यावर 'टीमक्स अटॅच' म्हणायचं, काम जिथं होतं तिथंच सापडतं. बोगद्याच्या तोंडाशी सर्व्हरचं अपग्रेड सुरू करणारी बाई मीच होते, एकदाच.

बॅटरी, आणि कुडाळकडची दुपार

टी४८० ला दोन बॅटऱ्या असतात, एक पोटात आणि एक मागून खटका सरकवून काढता येणारी. आतली चालू असताना बाहेरची बदलता येते, मशीन बंद करावं लागत नाही. मी हा लॅपटॉप घेतला तो ह्याच कारणानं. दोन बाहेरच्या बॅटऱ्या जवळ ठेवल्या की लाइट गेली तरी दिवस निघतो.

कुडाळच्या बाजूला एका कॉलेजात दुपारी लाइट गेली. पाऊस कोसळत होता. मी साडेअकरा हजार नोंदींची फाइल साफ करत होते, लेखकाचं नाव एका रकान्यात, आडनाव दुसऱ्यात असं चाललेलं. बाहेरची बॅटरी ४ टक्क्यांवर आली. आतली ९७ दाखवत होती. मी सराईतासारखा खटका सरकवला, बॅटरी उपसली, आणि दुसरी हातात घेईपर्यंत पडदा काळा. आतल्या बॅटरीचे ९७ टक्के म्हणजे रिकाम्या डब्यावरचं लेबल होतं. भार पडताच ती बसली.

परत चालू केल्यावर डेस्कटॉप आलाच नाही. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं, शेवटी कंसात इनिटरॅमएफएस असा शब्द आणि लुकलुकणारी रेघ. ग्रंथपाल सर खांद्यावरून बघत होते. "मॅडम, गेलं का सगळं?"

गेलेलं नसतं. वरच्या ओळीत लिहिलेलं असतं की अमुक पार्टिशनमध्ये, म्हणजे डिस्कच्या भागात, विसंगती आहे, एफएससीके ही डिस्क तपासून दुरुस्त करणारी कमांड हातानं चालवा. ते पार्टिशनचं नाव जसंच्या तसं कागदावर उतरवा. माझ्याकडे ते 'स्लॅश डेव्ह, स्लॅश एनव्हीएमई शून्य एन एक पी दोन' होतं, तुमचं वेगळं असेल. डिस्कला कुलूप घातलेलं असेल तर 'मॅपर'नं सुरू होणारं काहीतरी दिसेल. मग 'एफएससीके, डॅश वाय' आणि पुढं ते नाव. डॅश वाय म्हणजे प्रत्येक प्रश्नाला हो. तो दुरुस्त केलेल्या ओळी भराभर दाखवतो, थांबला की 'एक्झिट' लिहायचं. मशीन जणू काही झालंच नाही अशा थाटात चालू होतं. माझी चाळीस मिनिटांची मेहनत तेवढी गेली, कारण फाइल जतन केली नव्हती. तो दोष लिनक्सचा नव्हे.

दोन गोष्टी मात्र सांभाळा. चालू, वापरात असलेल्या पार्टिशनवर एफएससीके कधीही चालवू नका, तो इनिटरॅमएफएसच्या पडद्यावर किंवा लाइव्ह पेनड्राइव्हवरूनच, म्हणजे ज्याच्यावरून थेट लिनक्स चालू होतं त्या पेनड्राइव्हवरून. आणि पडद्यावर आय-ओ एररच्या ओळी दिसत असतील तर एफएससीके करूच नका. ती डिस्क मरणाच्या दारात आहे, तिला राबवायचं नाही. लाइव्ह पेनड्राइव्हवरून चालू करून आधी कामाच्या फाइल बाहेर काढा.

बॅटरी खरी किती उरलीय ते 'यूपॉवर डॅश डी' सांगतं. त्यात प्रत्येक बॅटरीची माहिती येते. एनर्जी फुल आणि एनर्जी फुल डिझाइन हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. पहिला म्हणजे आज किती मावतं, दुसरा म्हणजे कारखान्यातून निघताना किती मावत होतं. माझ्या आतल्या बॅटरीचा दुसरा आकडा २४ वॉट-अवरच्या आसपास, आणि पहिला ७. टक्के ह्या ७ चे दाखवले जातात, हे मला त्या दिवसापर्यंत सुचलं नव्हतं. आता मी चार्जर लावल्याशिवाय बाहेरच्या बॅटरीला हात लावत नाही.

चार्जर यूएसबी-सीचा असला तरी कुठलाही चालत नाही. फोनचा चार्जर बहुतेक वेळा ९ व्होल्टवर थांबतो, लॅपटॉपला २० लागतात. त्यावर पीडी म्हणजे पॉवर डिलिव्हरी आणि २० व्होल्ट लिहिलेलं बघून घ्या, ६५ वॉटचा उत्तम. मशीन अचानक बैलगाडीच्या चालीनं चालायला लागलं तर चार्जर कमी ताकदीचा आहे का ते बघा. कमी वीज मिळते म्हणून प्रोसेसर ४०० मेगाहर्ट्झवर बसून राहतो, असं अशा मशीनमध्ये होतं. चार्जर काढून, मशीन पूर्ण बंद करून परत चालू केलं की सुटतं. रेल्वेच्या डब्यात सॉकेटवर ११० व्होल्ट लिहिलेलं असतं, त्यानं घाबरू नका. लॅपटॉपच्या अ‍ॅडॉप्टरवर १०० ते २४० लिहिलेलं असेल तर तो घेतो, फक्त खाच ढिली असते म्हणून पिन हातानं धरून बसावं लागतं.

बॅग गरम

आंबोली घाट उतरताना एसटीत मांडीवरची बॅग गरम लागली. आधी वाटलं डबा सांडला. झाकण मिटलेला लॅपटॉप आत जागाच होता, पंखा घरघरत होता.

कारण शोधायला मला दोन फेऱ्या लागल्या. प्रोजेक्टरसाठी लावलेलं एचडीएमआय-व्हीजीएचं डोंगल मी तसंच ठेवून झाकण मिटलं होतं. बाहेरचा पडदा जोडलेला असला की झाकण मिटल्यावर झोपायचं नाही, असा लिनक्सचा नेहमीचा नियम आहे, कारण लोक झाकण मिटून मोठ्या पडद्यावर काम करतात. काही डोंगलं पलीकडे प्रोजेक्टर नसतानाही 'मी पडदा आहे' असं सांगत राहतात. तेव्हा आधी डोंगल काढा, मग झाकण मिटा, मग दहा सेकंद थांबून झाकणावरचा लाल ठिपका संथपणे उजळतो-मंदावतो का ते बघा.

डोंगल नसताना बॅग गरम होत असेल तर 'कॅट स्लॅश सिस, स्लॅश पॉवर, स्लॅश मेम अंडरस्कोर स्लीप' लिहा. दोन शब्द दिसतील, त्यातला चौकोनी कंसातला चालू. डीप कंसात असेल तर झोप गाढ आहे. एस-टू-आयडल असेल तर ती मांजराची झोप, बॅटरी खात राहते. त्यावरचा इलाज ग्रबच्या, म्हणजे लिनक्स चालू करून देणाऱ्या प्रोग्रामच्या, सेटिंगमध्ये आहे आणि तो घरी करायचा. रस्त्यात सरळ शट डाउन करा.

पासवर्ड चुकतोय

ही आपल्या मराठी लोकांची खास व्यथा, इंग्रजी मदतपानांत ती सापडणार नाही. विटा भागातल्या एका कॉलेजात पंचवीस शिक्षकांसमोर मी लॅपटॉप उघडला आणि पासवर्ड टाकला. चुकीचा. परत टाकला. चुकीचा. तिसऱ्यांदा एकेक कळ बघून दाबली. मागच्या बाकावरून कोणीतरी "मॅडम, कॅप्स लॉक?" म्हणालं. कॅप्स लॉक नव्हता.

आदल्या रात्री मी इनस्क्रिप्टमध्ये मराठी टाइप करत होते आणि कळफलक तसाच मराठीवर ठेवून झाकण मिटलं होतं. ठिपक्यांच्या आड माझा पासवर्ड देवनागरीत उमटत होता. पासवर्डच्या चौकटीत डोळ्याचं चिन्ह असतं, त्यावर टिचकी मारली की काय उमटतंय ते दिसतं. प्रोजेक्टर जोडलेला असताना मात्र मारू नका. कोपऱ्यात एमआर अशी दोन अक्षरं दिसली तर सुपर म्हणजे विंडोजच्या चिन्हाची कळ आणि स्पेस दाबून इंग्रजीवर या.

पासवर्ड बरोबर आहे, पडदा क्षणभर काळा होतो आणि परत लॉगिनवरच येतो, असं झालं तर ते वेगळं दुखणं आहे. बहुतेक वेळा डिस्क भरलेली असते. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकत्र दाबा, साधा काळा पडदा येईल, तिथं नाव-पासवर्ड टाकून आत जा. 'डीएफ डॅश एच' लिहा. मुख्य पार्टिशन १०० टक्के दिसलं की 'सुडो एपीटी क्लीन', मग 'सुडो जर्नलसीटीएल, डॅश डॅश व्हॅक्यूम डॅश साइझ बरोबर २०० एम'. दोन डॅश जोडून लिहायचे, आणि 'व्हॅक्यूम'पासून 'एम'पर्यंत मध्ये कुठंही जागा सोडायची नाही. बरोबर म्हणजे इथं बरोबरचं चिन्ह, आणि 'एम' तेवढा मोठा काढायचा. एवढ्यानं आत शिरण्यापुरती जागा होते. ईएक्सटी४ या डिस्कच्या नेहमीच्या मांडणीत पाच टक्के जागा रूटसाठी, म्हणजे सिस्टिमच्या मालकासाठी, राखून ठेवलेली असते, म्हणून भरलेल्या डिस्कवरही सुडोचं काम होतं. परत कंट्रोल-ऑल्ट-एफ१ दाबलं की लॉगिनचा पडदा.

थिजलं, किंवा चालूच होत नाही

माउस हलत नाही, काही हलत नाही, तर पॉवरचं बटण दाबून धरायचा मोह होतो. त्याआधी ऑल्ट आणि प्रिंट स्क्रीन दाबून धरून एस, यू, बी अशी तीन अक्षरं दोन-दोन सेकंदांच्या अंतरानं दाबा. एसनं राहिलेलं डिस्कवर लिहिलं जातं, यूनं डिस्क फक्त वाचण्यापुरती होते, बीनं मशीन परत चालू होतं. वर सांगितलेला एफएससीकेचा प्रकार यानं बराच टळतो. जुन्या लोकांकडून सहा अक्षरांचा मंत्र ऐकाल, पण डेबियनमध्ये त्यातली मधली दोन मुळातच बंद असतात, हे तीन पुरतात.

अपडेटनंतर चालू होत नसेल तर सुरुवातीच्या ग्रब मेनूमध्ये अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स निवडा आणि यादीतला जुना कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, घ्या. चाललं? मग पुढं जा. अपडेट मध्येच बॅटरी संपून तुटलं असेल तर 'सुडो डीपीकेजी, डॅश डॅश कॉन्फिगर, डॅश ए' म्हणून अर्धवट राहिलेलं पुरं करून घ्या. प्रवासाच्या आदल्या रात्री अपडेट करायचं नाही, हा नियम मी आता मंगळसूत्रासारखा पाळते. दोन-तीन दिवस आधी करते, म्हणजे बिघडलं तर घरीच बिघडतं.

काय झालं होतं ते 'सुडो जर्नलसीटीएल, डॅश बी, डॅश एक, डॅश पी, ई-आर-आर' सांगतं. मागच्या खेपेला मशीन चालू असताना ज्या तक्रारी नोंदल्या गेल्या, त्या तेवढ्या. शेवटच्या वीस ओळींचा फोनवर फोटो काढा आणि काम चालू ठेवा.

बॅगेत माझ्याकडे लाइव्ह डेबियनचा पेनड्राइव्ह असतो, डेटावाली केबल, डोंगल, एक छोटा फिलिप्स स्क्रू-ड्रायव्हर आणि शंभर पानी वही. वहीत तारीख, गाव, काय अडलं, काय करून निघालं. तिकिटामागंही लिहून चालतं, पण तिकिटं धुण्यात जातात.

या रविवारी वहीत वरच्या ओळीला आतली बॅटरी आहे. नवी आणून ठेवली आहे. मशीन चालू करताना एफ१ दाबून बायॉसमध्ये जायचं, कॉन्फिग, पॉवर, आणि तिथं डिसेबल बिल्ट-इन बॅटरी. मशीन आपोआप बंद होतं आणि चार्जर लावेपर्यंत आतली वीज तोडलेली राहते. मग बाहेरची बॅटरी काढून तळाचे स्क्रू सैल करायचे. ते झाकणातच अडकून राहतात, सतरंजीखाली शोधावे लागत नाहीत. झाकण मात्र खटक्यांवर बसलेलं असतं, ते मी जुन्या एटीएम कार्डानं कडेकडेनं उचकटणार आहे.